आज निळा, उद्या हिरवा

एकाच माशावरून तीन माणसं हुज्जत घालत असतील, तर तो मासा बहुधा लालदात्या ट्रिगर असणार! पहिला सांगतो, "गडद निळा आहे." दुसरी म्हणते, "छे! मी पाहिला तेव्हा स्वच्छ हिरवा होता." तिसरा ठासून सांगतो, "जांभळा! माझ्याकडे फोटो आहे." आणि गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. मासाही तोच, टाकीही तीच. सोमवारी निळा दिसलेला हा पठ्ठ्या गुरुवारी हिरवट झालेला असू शकतो.

खाऱ्या पाण्याची टाकी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांना याची सवय झालेली असते. नवख्या माणसाच्या पोटात मात्र गोळा येतो. मासा आजारी पडला का? दुकानदाराने फसवलं का? पाण्यात काही बिघडलं का? प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांची उत्तरं शोधायला निघालं की माशाच्या कातडीत काय काय चाललेलं असतं, ते कळतं आणि आपण थक्क होतो. मला तर माशांबद्दलच्या साऱ्या माहितीत हा भाग सगळ्यात आवडतो.

आधी या मंडळींची ओळख करून घेऊ. ट्रिगर माशांचं कुटुंब चाळीसएक जातींचं. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोळे तोंडापासून खूप मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला. तोंड इवलंसं, पण दात असे मजबूत की यांच्यातले बरेच जण खेकडा, शिंपला, काटेरी सी-अर्चिन कडाकड फोडून खातात. पाठीवर काटे आहेत, आणि खरी करामत त्या काट्यांत. पहिला काटा जाड आणि लांब. तो उभा राहिला की मागचा छोटा काटा त्याच्या बुडाशी घट्ट बसतो. मग पहिला काटा कितीही दाबा, वाकणार नाही. मागचा छोटा काटा दाबलात, तर मात्र पहिला अलगद खाली बसतो. बंदुकीचा चाप दाबण्यासारखंच हे काम, म्हणून नाव ट्रिगर. रात्री झोपताना किंवा कुणी मोठा मासा मागे लागला की ट्रिगर खडकाच्या कपारीत शिरतो, काटा उभा करतो आणि अडकून बसतो. मग त्याला बाहेर ओढणं भल्याभल्यांना जमत नाही.

आपल्या लालदात्याचं शास्त्रीय नाव ओडोनस नायजर. १८३६ साली जर्मन निसर्ग अभ्यासक एडुआर्ड रुपेल यांनी त्याची शास्त्रात नोंद केली. तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर ओलांडून पार प्रशांत महासागरापर्यंत तो सापडतो. मालदीवला आणि आपल्या लक्षद्वीपला प्रवाळांच्या कडेला, जिथे पाण्याला चांगला ओघ असतो, तिथे हे मासे थव्याने तरंगत वाहून येणारं प्लवक टिपत असतात. शेपटी कोरीव, दोन्ही टोकांना लांब धागे निघालेली. मोठा झाला की अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो. आणि दात खरोखरच लाल! तोंड मिटलेलं असलं तरी वरचे दोन दात बाहेर डोकावतात.

हो, पण हे दात लाल दिसतात ते कुठे? कोड्याची पहिली गाठ इथेच सुटते.

सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला की त्यातले रंग एकामागून एक गळत जातात. सगळ्यात आधी बळी जातो तो तांबडा. पहिल्या दहा मीटरमध्येच बहुतेक तांबडा प्रकाश पाणी गिळून टाकतं. त्यामागून नारिंगी, मग पिवळा. निळा मात्र खूप खोलवर पोचतो. आता विचार करा, एखादी वस्तू आपल्याला लाल दिसते, कारण ती लाल प्रकाश आपल्याकडे परत पाठवते. लाल प्रकाशच तिथवर पोचला नाही, तर ती परत काय पाठवणार? म्हणून वीस-तीस मीटर खोल पाण्यात पोहणाऱ्या लालदात्याचे दात काळपटच दिसतात. पाणबुड्याने टॉर्च लावला, की एकदम लाल! घरातल्या टाकीत पाणी असतं जेमतेम दोन फूट आणि वर लखलखीत दिवा. त्यामुळे ज्या दातांवरून माशाला नाव मिळालं, ते दात त्याच्या घरापेक्षा आपल्या घरात जास्त लाल दिसतात.

टाकीवरचा दिवा बदलला की माशाचा रंग बदलल्यासारखा वाटतो, त्याचंही कारण हेच. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर बऱ्याचदा निळे एलईडी दिवे लावतात, कारण प्रवाळांना ते मानवतात. त्या उजेडात लालदात्या गर्द निळा, जांभळट दिसतो. तोच मासा साध्या पांढऱ्या ट्यूबखाली हिरवटपणाकडे झुकतो. म्हणजे तीन भांडकुदळांपैकी निदान दोघांचं भांडण दिव्यावरून होतं, माशावरून नव्हतंच.

हे घरी करून पाहता येतं. निळ्या जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर करून टॉर्चच्या तोंडावर रबराने बांधा. खोलीत पूर्ण अंधार करा आणि त्या निळ्या उजेडात लाल चेंडू, लाल वहीचं कव्हर, टोमॅटो असं काहीही लाल पाहा. काळपट दिसेल. मग कागद काढून पुन्हा पाहा. चेंडूला काही झालेलं नाही. बदलला तो फक्त प्रकाश.

पण सगळा खेळ दिव्याचाच आहे असं समजू नका. तोच दिवा, तीच वेळ, तीच टाकी, तरीही लालदात्याची छटा बदलते. इथे मासा स्वतः काहीतरी करत असतो. काय करतो, ते समजून घ्यायला त्याच्या कातडीत शिरायला हवं.

माशाचा रंग वरून फासलेला नसतो. कातडीत खास रंगपेशी असतात. काहींत काळ्या-तपकिरी मेलॅनिनचे कण, काहींत पिवळा रंग, काहींत लाल. मग निळ्या रंगाच्या पेशी कुठल्या? इथेच मोठं आश्चर्य आहे. जवळपास कोणत्याच माशाच्या अंगात निळा रंग नावाचा पदार्थ नसतो! कातडी कुटून, वाटून, गाळून काढलीत तरी निळा थेंब हाती लागायचा नाही. अपवाद फारच थोडे. मँडरिन फिश नावाचा एक नक्षीदार छोटा मासा आहे. त्याच्या कातडीत खरोखरीच्या निळ्या रंगाच्या पेशी असल्याचं गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवलं, तेव्हा प्राणिशास्त्राच्या जगात ती बातमी ठरली.

बाकीच्या माशांचा निळा रंग बनतो चकाकीतून. त्यांच्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ, आरशासारख्या पट्ट्या असतात. ग्वानिन तुमच्या-माझ्या अंगातही आहे. आपल्या डीएनएची जी चार अक्षरं असतात, त्यातलं एक हेच. पापलेट साफ करताना बोटांना जी चांदी लागते, तीही ग्वानिनचीच. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला, तो रुपेरी मुलामा याच पट्ट्यांचा! पापलेटच्या अंगावर त्या सगळेच रंग परत पाठवतात, म्हणून तो चांदीसारखा दिसतो. निळ्या माशांमध्ये मात्र पट्ट्या अगदी ठरावीक अंतरावर एकावर एक रचलेल्या असतात. प्रकाश वरच्या पट्टीवरून परततो, खालच्या पट्टीवरून परततो, त्याखालच्या पट्टीवरून परततो आणि या परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही रंगांच्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात, एखाद्या रंगाच्या लाटा एकमेकींना बळ देतात. साबणाच्या फुग्यावर रंग नाचतात ते याच नियमाने.

कोणत्या रंगाला बळ मिळणार, हे ठरतं दोन पट्ट्यांमधल्या अंतरावर. अंतर कमी असेल तर जांभळा-निळा, थोडं वाढलं की हिरवा. बाजाच्या पेटीचा भाता आठवा. भाता मिटलेला असला की घड्या जवळ येतात, उघडला की दूर जातात. माशाच्या पेशीतल्या या पट्ट्याही अशाच जवळ येऊ शकतात आणि दूर जाऊ शकतात, फक्त केसाच्या जाडीच्याही कित्येक पट लहान अंतरांत. तेवढ्याने निळ्याचा हिरवा होतो!

ही नुसती कल्पना नाही. प्रवाळांत राहणारा निळाशार डॅमसेल मासा आहे, बोटाएवढा. त्याच्या कातडीवर रयोझो फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोग केले. चेतातंतूंकडून इशारा आला की डॅमसेलच्या पेशीतल्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि निळा रंग हिरव्याकडे झुकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तुमच्याकडे गोड्या पाण्याच्या टाकीत निऑन टेट्रा असतील, तर हाच खेळ रोज फुकट बघायला मिळतो. पहाटे दिवा लावल्या लावल्या त्यांच्याकडे बघा. रात्रीत त्यांचा निळा पट्टा बदलून जांभळट, मंद झालेला असतो. उजेडात काही वेळ गेला की पुन्हा झळझळीत होतो.

आता काळ्या रंगाकडे येऊ. काळ्या पेशींचं वागणं वेगळं. त्यांना चहूकडे फांद्या असतात आणि आत मेलॅनिनचे कण. कण फांद्यांमधून पेशीभर पसरले की कातडी गडद दिसते. तेच कण मध्यभागी गोळा झाले की कातडी फिकी. पेशी जागची हलत नाही, कण तेवढे आत-बाहेर धावतात, आणि त्याला फार वेळ लागत नाही. निळ्या चकाकीखाली जर काळा थर पसरलेला असेल, तर इतस्ततः विखुरणारा फालतू प्रकाश तो शोषून घेतो आणि निळा आणखी गर्द भासतो. काळे कण गोळा झाले की तोच निळा धुवट वाटायला लागतो.

हे कण कोण पळवतं? मनःस्थिती! घाबरल्यावर आपण पांढरेफटक पडतो, कारण चेहऱ्याच्या कातडीतलं रक्त ओसरतं. माशाच्या कातडीत अशा वेळी रंगाचे कण मागे हटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून, हेलकावे खात, दुकानातून नुकताच आलेला ट्रिगर त्यामुळे अगदीच ओळखू येत नाही. कधी फिकट, कधी काळवंडलेला, कधी अंगभर डाग. अशा वेळी त्याला शांतपणे लपायला कपार द्यावी, दिवे मंद ठेवावेत आणि त्याच्या वाटेला जाऊ नये. काही दिवसांत रंग परत येतो. अटलांटिक महासागरातला राणी ट्रिगर तर भोवतालच्या परिसराप्रमाणे आणि ताणाप्रमाणे गडद-फिका होण्यासाठी प्रसिद्धच आहे.

भोवतालचा परिसर म्हटलं की एक जुना, सुंदर प्रयोग सांगायलाच हवा. फ्रान्सिस समनर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने इटलीतल्या नेपल्स शहरी, समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत काही चपटे मासे ठेवले, म्हणजे आपल्या कोकणातल्या लेप्याचे लांबचे भाऊबंद. टाकीच्या तळाशी कधी वाळू, कधी खडे, कधी बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन, कधी ठिपके. मासे तळाकडे बघून अंगावरची नक्षी जुळवायला लागले! चौकोन हुबेहूब काढता आले नाहीत हे खरं, पण मोठ्या चौकोनांवर मोठे डाग, बारीक नक्षीवर बारीक ठिपके. १९११ साली त्यांनी फोटोंसह हे छापलं. ट्रिगर काही इतके पटाईत नाहीत. पण काळ्या तळाची टाकी आणि पांढऱ्या वाळूची टाकी यांत माशाची छटा वेगळी दिसू शकते, ती याच कौशल्यामुळे. आणि मासा खूप दिवस एकाच तऱ्हेच्या तळावर राहिला, तर नुसते कण हलवण्यावर भागत नाही. काळ्या पेशींची संख्याच कमी-जास्त होते. हा बदल सावकाश, दिवसांच्या-आठवड्यांच्या हिशेबाने होतो.

अन्नाचाही वाटा आहे. लाल, नारिंगी, पिवळे रंग बऱ्याचदा कॅरोटिनॉइड नावाच्या पदार्थांचे असतात आणि ते माशाला अंगात बनवता येत नाहीत. शेवाळातून, कोळंबीतून, छोट्या कवचधारी जीवांतून ते मिळवावे लागतात. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही असाच पोटातून पिसांत आलेला असतो. टाकीतल्या ट्रिगरला महिनोन्‌महिने एकच कोरडं खाद्य मिळालं, तर नारिंगी पट्टे उतरायला लागतात. कोळंबी, शिंपल्याचं मांस, थोडं समुद्री शेवाळ असा चौरस आहार मिळाला, तर ते पुन्हा खुलतात.

आणि काही बदल कायमचेच असतात, ते म्हणजे वयाचे! विदूषक ट्रिगर हा साऱ्या कुटुंबातला सर्वांत नटवा. मोठ्या माशाचं अंग काळंभोर, पोटावर पांढरे गोल गोल ठिपके, पाठीवर पिवळी जाळी आणि ओठ पिवळेधमक. त्याचं पिल्लू बघाल तर वेगळंच ध्यान. अंगभर बारीक पांढरे ठिपकेच ठिपके. वाढता वाढता वरचे ठिपके जातात, जाळी उमटते, पोटावरचे ठिपके मोठे होत जातात. ज्याने पिल्लू आणलं, त्याला दोन-तीन वर्षांनी दुसराच मासा घरात आल्यासारखं वाटतं. नारिंगी रेघांच्या ट्रिगरमध्ये तर नर मोठा झाला की त्याच्या तोंडावरच्या रेघा पुसल्या जातात, मादीच्या राहतात. निळ्या गळ्याच्या ट्रिगरचा निळा गळाही फक्त नराचा. मादी साधी, तपकिरी-करडी.

आता एक उलटा प्रश्न. हे सगळे रंग आपल्याला दिसतात. ट्रिगरला स्वतःला काय दिसतं?

हे माशालाच विचारलं गेलं आहे! पिकासो ट्रिगर नावाचा एक देखणा मासा आहे. पांढुरकं अंग, तिरपे पट्टे, डोळ्यांतून जाणाऱ्या निळ्या रेघा. (याचा एक जवळचा भाऊ हवाई बेटांचा राज्यमासा आहे आणि त्याचं तिथलं नाव आहे हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ! एका दमात म्हणून बघा.) ऑस्ट्रेलियात संशोधकांनी पिकासो ट्रिगरला शिकवलं, की अमुक रंगाच्या ठिपक्याला तोंड लावलंस तर खाऊ मिळेल. ट्रिगर हुशार असतात, पटकन शिकतात. मग दोन रंग एकमेकांच्या जवळ जवळ आणत त्यांनी पाहिलं, माशाला कुठपर्यंत फरक कळतो. २०१० साली या प्रयोगांतून स्पष्ट झालं, की आपल्यासारखेच या माशाच्या डोळ्यातही रंग ओळखणारे तीन प्रकारचे ग्राहक कामाला येतात. फरक एवढाच, की त्यांचा भर जांभळ्या-निळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या पट्ट्यावर आहे. तांबड्याकडे त्यांचं फारसं लक्ष नाही. आणि का असावं? तो राहतो त्या पाण्यात तांबडा प्रकाश असतोच किती! उलट निळ्या आणि हिरव्यातला बारीक फरक त्याला उपयोगी. म्हणजे आपण ज्या लाल दातांचं एवढं कौतुक करतो, ते ट्रिगरच्या डोळ्यांना बहुधा रंग म्हणून फारसे जाणवतही नसतील; आणि ज्या निळ्या-हिरव्या बदलावरून आपण भांडतो, तो मात्र त्याला लख्ख दिसत असेल.

एक काळजीची गोष्टही सांगते. घरच्या टाक्यांत दिसणारे बहुतेक ट्रिगर समुद्रातून पकडून आणलेले असतात. हे मासे मोठे होतात, चावतात, टाकीतल्या कोळंब्या-खेकडे फस्त करतात आणि त्यांना शेकडो लिटर पाणी लागतं. त्यामुळे हा लेख वाचून "मला लालदात्या हवाच" असा हट्ट घरी धरू नका. केरळ-कर्नाटकच्या बंदरांवर हाच लालदात्या ट्रॉलरच्या जाळ्यांत ढिगाने सापडतो आणि त्याची रवानगी बऱ्याचदा माशांच्या कुटीच्या कारखान्यात होते. त्या ढिगात तो काळपट, निस्तेज दिसतो. जिवंतपणीचा तो निळा-हिरवा खेळ मेल्यावर थांबतो. म्हणूनच शास्त्रज्ञ बाटलीत जपून ठेवलेल्या माशाची जात ठरवताना रंगावर विसंबत नाहीत. परांमधले काटे, खवले, दात मोजतात. अल्कोहोलमध्ये लाल-पिवळे रंग विरघळून जातात, मागे उरतं ते मेलॅनिन.

तुमच्या घरी साधा गोल्डफिश असला तरी निरीक्षणाला सुरुवात करता येईल. टाकीच्या बाहेरून, तळाखाली आणि मागे पांढरा कागद लावा. दोन आठवडे दर रविवारी, त्याच वेळी, त्याच दिव्यात फोटो काढा. फोटोत एका कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा येऊ द्या, म्हणजे उजेड बदलला तर लगेच कळेल. नंतर काळा कागद लावून पुढचे दोन आठवडे तसंच करा. खाद्य बदलू नका, दिवा बदलू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि जे दिसेल ते वहीत लिहा, काहीच फरक दिसला नाही तर तेही लिहा.

आणि मत्स्यालयात गेलात, रत्नागिरीच्या किंवा आणखी कुठल्या, तर काचेवर टकटक करू नका. दोन पावलं मागे सरून पाच मिनिटं शांत उभे राहा. घाबरलेला मासा आपले नेहमीचे रंग दाखवत नाही.